हॉटेलचं कर्ज थकायला लागलं की: बेळगाव सीमाभागातल्या नव्या संचालकांसाठी आणि वसुली अधिकाऱ्यांसाठी

ट्रॅक्टरचं कर्ज थकलं तर ट्रॅक्टर तरी अंगणात उभा असतो. हॉटेलची आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. भटारखान्यात चूल पेटलेली आहे, काउंटरला माणूस आहे, खोल्यांत दिवे आहेत, तोवर त्या इमारतीला हॉटेलचा भाव येतो. दार बंद झालं आणि मधे एक पावसाळा गेला, की गिऱ्हाईक जागेचा भाव सांगतं, वर पाडकामाचा खर्च वजा करून मागतं.

मी बरीच वर्षं इथल्या सहकारी बँकेच्या वसुली खात्यात काढली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात हॉटेलं, लॉज, मंगल कार्यालयं आणि अलीकडे जांबोटी-चोर्ल्याच्या वाटेवरची रिसॉर्ट यांना कर्ज देणाऱ्या बहुतेक लहान संस्था: अर्बन बँका, सौहार्द (कर्नाटकातल्या वेगळ्या कायद्याखालच्या सहकारी संस्था), पतसंस्था. त्यांच्यातला पैसा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्या जवानाचा, शाळामास्तरांचा, बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या पिग्मीचा, म्हणजे रोजच्या बचतीचा. त्या ठेवीसाठी हे लिहितो आहे. संचालक मंडळावर किंवा वसुलीच्या टेबलावर नव्याने आलेल्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते कळावं, एवढा हेतू.

आधी कागद, तेही शांतपणे

कर्ज चालू असतानाच, थकायच्या आत, फाईल उघडून बसा. नोटीस काढायच्या दिवशी फाईल पहिल्यांदा वाचणारे अधिकारी मी पाहिले आहेत. सहा-सहा महिने तिथेच गेले.

आपल्या भागात हॉटेल एका राज्यात आणि जामीनदाराची जमीन दुसऱ्या राज्यात, हे नेहमीचं. हॉटेल निपाणीत, मेहुण्याची जमीन कागलला किंवा चंदगडला. कर्नाटकातल्या मिळकतीचा उतारा, म्हणजे पहाणीपत्रक, कन्नडमध्ये. बोजे बघायचे तर उपनिबंधक कार्यालयातून ईसी, म्हणजे बोजांचा दाखला, काढायची. गावठाणातली मिळकत असेल तर ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तूचा कागद, शहरात असेल तर सीटीएस (सिटी सर्व्हे) उतारा आणि खाता, म्हणजे पालिकेतली मिळकतनोंद. पलीकडे महाराष्ट्रात सातबारा आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्तनोंदणीचा गोषवारा. महाराष्ट्रातल्या मिळकतीची मूळ कागदपत्रं ठेवून गहाण घेतलं असेल, तर तीस दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची सूचना, नोंदणी कार्यालयात दाखल करावी लागते. ती झाली आहे का ते आजच बघा.

आणखी एक आपल्याकडची गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुन्या घराण्यांच्या वाटणीपत्रांत, खरेदीखतांत मराठी कागद निघतात, त्याहून जुने मोडीत. पॅनेलवरचा वकील कन्नड-इंग्रजीत तरबेज असतो आणि मोडी कागदावर "जुना दस्त, पाहिला" एवढा शेरा मारून पुढे जातो. तसं करू नका. मोडी वाचणाऱ्याला चार पैसे द्या आणि लिप्यंतर फाईलला लावा. बहुतेक भांडणं तिथूनच उठतात: हिस्सा कुणाचा, विहिरीची वाट कुणाची, भावकीतल्या कुणाची सही राहिली. वडिलोपार्जित जमिनीवर हॉटेल असेल तर मुलींच्या हिश्शाचं विचारा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. लग्न होऊन इचलकरंजीला गेलेल्या बहिणीने हरकत घेतली तर ती पोकळ नसते.

तिसरी गोष्ट बिनशेतीची. हायवेकडेची, खानापूर तालुक्यातली कितीतरी हॉटेलं अशा जमिनीवर उभी आहेत की पुढची वीस गुंठे बिनशेती आणि मागचा लॉन, पार्किंग, कॉटेजेस शेतजमिनीवर. सरफेसी कायदा, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायची मुभा देणारा २००२ चा कायदा, शेतजमिनीच्या तारणाला लागू होत नाही. हा मुद्दा दक्षिण गोव्यातल्या एका पंचतारांकित हॉटेलवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आयएफसीआय या वित्तसंस्थेचं १५० कोटींचं कर्ज थकलं, हॉटेल लिलावात आयटीसीने ५१५ कोटींच्या वर घेतलं, उच्च न्यायालयाने लिलाव रद्द केला आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. कागदोपत्री शेतजमीन असलेला तुकडा प्रत्यक्षात शेतीसाठी वापरातच नव्हता, संपूर्ण हॉटेलबरोबर एकत्र गहाण होता, हे तिथे निर्णायक ठरलं. मोठ्या संस्थेला एवढं लढणं परवडलं. तुमच्या संस्थेला परवडणार नाही. म्हणून मालकाशी संबंध चांगले आहेत तोवरच उरलेल्या जमिनीचा बिनशेतीचा अर्ज त्याच्याकडून डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला करून घ्या.

शेवटी सरसाई. गहाणाची ही केंद्रीय नोंदणी झाली नसेल, तर सरफेसीखालची कारवाईच करता येत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आणि राहून जातं.

हॉटेल डोळ्यांनी वाचायचं

ताळेबंद वर्षातून एकदा येतो आणि तो मालकाच्या सीएने केलेला असतो. हॉटेलची खरी तब्येत मागच्या दाराला कळते. मी नव्या मुलांना सांगायचो, महिन्यातून एकदा जा, चहा घ्या, पैसे देऊन घ्या, आणि बघा.

काउंटरवरचा क्यूआर कुणाच्या नावाचा आहे? एकदा असंच चहाचे पैसे देताना मोबाइलवर भलतंच नाव आलं. मी पोराला विचारलं, "हा कोड कुणाचा रे?" तो म्हणाला, "धाकट्या मालकांचा साहेब, गेल्या महिन्यापासनं हाच लावलाय." खात्यात भरणा का आटला, याचं उत्तर मला त्या एका वाक्यात मिळालं. हॉटेलचा गल्ला दुसरीकडे वळला, की हप्ता थकायला दोन-तीन महिनेच उरलेले असतात.

हेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज कंपनीची, बिलं मागा. बिलाची रक्कम राहू दे, युनिट बघा. खोल्या भरलेल्या असतील तर युनिट खोटं बोलत नाहीत. एकोणीस किलोचे गॅस सिलिंडर महिन्याला किती येतात, धोब्याकडे चादरी किती जातात, जीएसटीच्या मासिक विवरणात विक्री किती दाखवली आहे, लॉजच्या रजिस्टरात किती नावं आहेत: हे चार आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. जुना भटारी सोडून गेला असेल तर ती लहान बातमी समजू नका. पगार थकल्याशिवाय जुना भटारी हलत नाही.

बुकिंग ॲपवरून येणारे पैसे कोणत्या खात्यात जमा होतात, तेही पाहा. कर्ज देतानाच करारात लिहून घ्यावं की ॲपचे, कार्ड मशिनचे आणि क्यूआरचे पैसे आपल्याच शाखेतल्या खात्यात येतील आणि त्यातून आधी हप्ता, मग वीज, मग पगार असा क्रम राहील. आधी लिहून घेतलं नसेल, तर हप्त्यांत सवलत मागायला मालक येतो तेव्हा ही अट घालायची. तीच वेळ असते.

नव्वद दिवस

हप्ता थकल्यापासून नव्वद दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. त्याआधी पहिले तीस, साठ आणि नव्वद दिवस असे तीन टप्पे रिझर्व्ह बँकेने बँकांना घालून दिले आहेत. त्यांना एसएमए म्हणतात. पहिल्या टप्प्यातच मालकाला भेटायला बोलवा. माझ्या मते संस्थेचं हित याच तीन महिन्यांत राखलं जातं; पुढे वकील जे करतो ती बहुतेक पडझड आवरण्याची कामं असतात.

भेटीत पहिला प्रश्न हा ठेवा: धंदा बसला आहे की पैसा दुसरीकडे गेला आहे? दोन्हींची औषधं वेगळी.

धंदा बसण्याची कारणं आपल्या पट्ट्यात ओळखीची आहेत. आषाढ ते भाद्रपद मुहूर्त नसतात, कार्यालयं रिकामी. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की शहरातल्या खोल्या आमदार, अधिकारी, पोलिसांसाठी घेतल्या जातात. पण ते बिल मंजूर होऊन हातात यायला वेळ जातो. हायवेचं सहापदरीकरण झालं, समोरची वळणाची जागा बंद झाली आणि गाड्या उड्डाणपुलावरून निघून गेल्या, की वर्षानुवर्षं चाललेलं हॉटेल आडबाजूला पडतं. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगतच्या पाचशे मीटरमध्ये दारूविक्री बंद करायला सांगितली, आणि कर्नाटकात १ जुलै २०१७ पासून बारवर उभी असलेली हॉटेलं लंगडी झाली. पुढच्या काळात त्यात सवलती आल्या, पण मधल्या महिन्यांत थकलेली खाती पुन्हा सावरलीच असं नाही. मग करोना आला. यातल्या कशातही मालकाची चूक नाही.

अशा मालकाला मोसमाप्रमाणे हप्ते बांधून द्या. मार्गशीर्ष ते ज्येष्ठ जड हप्ते, पावसाळ्यात नुसतं व्याज. बारा महिने सारखा हप्ता लावणं ही आपल्या संस्थांची जुनी सवय आहे. हॉटेलच्या बाबतीत ती चूक आहे असं मी स्पष्ट म्हणतो. मात्र सवलत फुकट देऊ नका. बदल्यात जादा तारण, दुसरा जामीनदार, वर सांगितलेलं खातं आणि लेखी थकबाकी-कबुली घ्या. ही कबुली मुदत संपायच्या आत सही होऊन आली, तर मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते. गहाणावरच्या दाव्याला बारा वर्षं असतात, पण नुसत्या पैशाच्या दाव्याला तीनच, म्हणजे जामीनदाराच्या मागे लागताना तीन वर्षांचं भान ठेवायचं.

पैसा दुसरीकडे गेला असेल, प्लॉटिंगमध्ये किंवा पोराच्या नव्या बारमध्ये, तर सवलत देणं म्हणजे ठेवीदाराच्या पैशाने त्याचा प्लॉट घेऊन देणं. तिथे ताबडतोब पुढच्या पायरीवर जा.

जे तारणात येत नाही

दारूचा परवाना गहाण घेता येत नाही. हॉटेल-लॉजचा सीएल-७ असो की बारचा सीएल-९, तो व्यक्तीला किंवा फर्मला अबकारी खात्याने दिलेला असतो आणि त्यांच्या परवानगीशिवाय हलत नाही. पण हॉटेलची निम्मी किंमत कधी कधी त्यातच असते. म्हणून तुमच्या हातात एकच गोष्ट आहे: तो मरू देऊ नका. कर्नाटकात अबकारी वर्ष १ जुलैला सुरू होतं. मे महिन्यातच मालकाला नूतनीकरणाच्या फीबद्दल विचारा. पैसे नसतील तर फीपुरती रक्कम थेट चलनाने भरायचा विचार संचालक मंडळाने करावा. बंद परवान्याचं हॉटेल विकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. अन्नपरवाना, व्यवसाय परवाना, अग्निशमनचा दाखला यांचंही तसंच.

दुसरं, चालवायला दिलेलं हॉटेल. मालक आपला, चालवणारा दुसराच, आणि दोघांत शंभर रुपयांच्या बाँडवर करार. गहाणाआधीचा नोंदणीकृत भाडेपट्टा असेल तर तो तुम्हाला मानावा लागतो. म्हणून कर्ज देतानाच विचारायचं. कर्जानंतर तुमच्या संमतीशिवाय झालेला करार कमजोर असतो, आणि सरफेसीची नोटीस मिळाल्यावर तर नेहमीच्या धंद्यापलीकडे काही विकायला, भाड्याने द्यायला मालकाला बंदीच आहे. तरी चालवणाऱ्याला शत्रू करू नका. बहुतेकदा हॉटेल तोच जिवंत ठेवतो. पुढे लिलावात सगळ्यात चांगला भाव त्याच्याकडूनच येऊ शकतो.

आणि रस्त्यात गेलेली जमीन. महामार्गासाठी तारणातला तुकडा संपादित झाला तर भरपाई उताऱ्यावरच्या नावाला जाते. तुमचा बोजा आहे हे भूसंपादनाच्या सक्षम अधिकाऱ्याला तुम्ही लेखी कळवलं तरच ती अडते. कंपाउंड आत सरकलेलं दिसलं की त्याच आठवड्यात अर्ज द्या. यात एका संस्थेचे पैसे हातचे गेलेले मी पाहिले. मालकाने भरपाई उचलली तेव्हा त्या संस्थेला संपादन झाल्याचंही माहीत नव्हतं.

कोणता रस्ता तुमचा

इथे नवे लोक गोंधळतात, म्हणून सरळ सांगतो. तुम्ही बँक असाल, सहकारीसुद्धा, तर सरफेसी तुम्हाला आहे. हा वाद मिटवणारा निकाल आपल्या शेजारचाच: कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ५ मे २०२० रोजी सहकारी बँकांना हा कायदा लागू असल्याचं ठरवलं. तुम्ही पतसंस्था किंवा सौहार्द असाल तर तो तुम्हाला नाही. १९५९ च्या कर्नाटक सहकारी कायद्याखालच्या संस्थेने कलम ७० खाली वाद दाखल करायचा, बहुराज्य संस्थेने २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८४ खाली लवादाकडे जायचं, सौहार्दने आपल्या १९९७ च्या कायद्यातली वाट धरायची. दावा दाखल करतानाच निवाड्याआधीच्या जप्तीचा अर्ज जोडा, नाहीतर निवाडा येईपर्यंत हॉटेलातून जनरेटरसुद्धा जातो.

हॉटेल कंपनीच्या किंवा एलएलपीच्या (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीच्या) नावावर असेल आणि थकबाकी एक कोटीच्या वर असेल, तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली बेंगळुरूच्या एनसीएलटीत, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणात, जाता येतं. भागीदारी फर्मला किंवा एकट्या मालकाला ती वाट नाही, आणि आपल्याकडे बहुतेक हॉटेलं तशीच. तरी एक लक्षात ठेवा: दुसऱ्या कुणी त्या कंपनीला तिथे नेलं, तर तुमची सरफेसीची कारवाई जागच्या जागी थांबते. जाहीर सूचना आली की दिलेल्या मुदतीत आपला दावा पुराव्यासह दाखल करा, धनकोंच्या समितीत बसा. जामीनदाराच्या स्वतःच्या मिळकतीला मात्र ती स्थगिती लागत नाही.

नोटीस ते ताबा

बँकांसाठी क्रम असा. खातं एनपीए झाल्यावर सरफेसीच्या कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस, कर्जदाराला आणि प्रत्येक जामीनदाराला. नोटीस इंग्रजीत आणि कन्नडमध्ये निघते. माझा आग्रह असतो की सोबत मराठी प्रतही द्यावी. कायदा तशी सक्ती करत नाही. पण ज्याला कागद वाचता येतो तो लवकर बोलायला येतो, आणि "मला कळलंच नाही" हा बचाव उरत नाही.

त्या साठ दिवसांत मालकाने लेखी हरकत दिली, तर पंधरा दिवसांत तुम्ही कारणांसह उत्तर दिलंच पाहिजे. गोव्याच्या त्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे उत्तर बंधनकारक असल्याचं सांगितलं. त्याचं पत्र आवक रजिस्टरात पडून राहिलं आणि मॅनेजर रजेवर होता, हे कारण चालत नाही.

मग ताबा. आधी प्रतीकात्मक: दारावर नोटीस चिकटवायची आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत द्यायची, त्यातलं एक स्थानिक भाषेचं. इथे कन्नड दैनिक घ्याच, आणि जादा खर्च सोसून बेळगावच्या मराठी दैनिकातही द्या. हॉटेल घेणारं गिऱ्हाईक तेच वाचतं. प्रत्यक्ष ताब्याला अडथळा दिसला तर कलम १४ खाली डीसींकडे अर्ज. पलीकडच्या मिळकतीसाठी तोच अर्ज कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. कर्जदाराला ताब्याविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाता येतं. तो तिकडे जाणार हे धरून प्रत्येक पोचपावती जपा.

कुलूप लावायचं का?

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे.

एका लॉजचा ताबा आम्ही मे अखेरीस घेतला. सगळं कायदेशीर, पंचनामा चोख, सील लावलं आणि आलो. जूनमध्ये खानापूरकडचा पाऊस सुरू झाला. गच्चीची मोरी तुंबली, पाणी वरच्या मजल्यावर साचलं, छत गळलं, गाद्या बुरसल्या, उंदरांनी वायरिंग खाल्लं. दिवाळीनंतर मूल्यांकन करणारा आला तेव्हा मेमधल्या आकड्यापासून तो खूप खाली गेला होता. नुकसान मालकाचं झालं, आणि ठेवीदारांचंही.

म्हणून चालू हॉटेल शक्यतो चालू ठेवा. सरफेसीत ताब्यातल्या मालमत्तेवर व्यवस्थापक नेमायची तरतूद आहे. सहकार कायद्याच्या किंवा दिवाणी वाटेने गेलात तर रिसीव्हर, म्हणजे मिळकत सांभाळणारा माणूस, मागता येतो. चालवणारा विश्वासू असेल तर त्यालाच ठेवा, भाडं आपल्या खात्यात वळवा. बंद करण्यावाचून इलाज नसेल, तर विमा कंपनीला इमारत बंद असल्याचं लेखी कळवा. बरेचसे अग्निविमे तीस दिवस रिकाम्या राहिलेल्या इमारतीला संरक्षण देत नाहीत. पॉलिसीवर संस्थेचं नाव असल्याची खात्री करा. रखवालदार ठेवा आणि पावसाआधी गच्ची, गटारं साफ करून घ्या.

ताब्याच्या दिवशी खोल्यांत पाहुणे असतात. त्यांना दुपारपर्यंत वेळ द्या, सामान त्यांच्यासमोर मोजून द्या. दारूच्या साठ्याला हात लावू नका, अबकारी निरीक्षकांना बोलवा. नाशवंत माल पंचांसमोर विकून पैसे खात्यात जमा करा. आणि लग्नाचे ॲडव्हान्स दिलेल्या घरांची यादी मालकाकडून घ्या. पत्रिका छापून झालेल्या मुलीच्या बापाला आठ दिवस आधी "हॉल बंद" सांगायची पाळी आणू नका. शक्य तेवढी कार्यं होऊ द्या, राहिलेलं भाडं संस्थेच्या खात्यात घ्या. संस्थेचं नाव गावात राहिलं, तरच उद्या ठेवी येतात.

लिलाव आणि त्यानंतर

मूल्यांकन दोन प्रकारे करून घ्या: नुसती जागा-इमारत, आणि फर्निचर-परवान्यांसह चालू हॉटेल. राखीव किंमत ठरवताना दोन्ही आकडे मंडळासमोर ठेवा. लिलावाची नोटीस तीस दिवसांची, फेरलिलावाला पंधरा. ही जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंत सगळी थकबाकी भरून मिळकत सोडवायचा हक्क मालकाला आहे. मालक तडजोड घेऊन आला असेल तर ती जाहिरातीआधी संपवा, रक्कम आणि तारखा कागदावर, पहिली रक्कम त्याच दिवशी.

लिलाव घेणाऱ्याने त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, चौथा हिस्सा भरायचा. उरलेले विक्री मंजूर झाल्यापासून पंधरा दिवसांत, लेखी मुदतवाढ दिली तर तीन महिन्यांपर्यंत. त्याला आधीच सगळं सांगा: घरपट्टी किती, हेस्कॉमची थकबाकी किती, कामगारांचा पीएफ भरला आहे का. पीएफची थकबाकी कायद्यानेच आधी उभी राहते. विजेबाबत मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वीज नियमांत तरतूद असेल तर आधीच्या मालकाची थकबाकी नव्या जोडणीआधी मागता येते. हे लपवून वरचा भाव घेतलात तर गिऱ्हाईक चौथा हिस्सा भरून कोर्टात जातं, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

पैसे आले की हिशेब करा: मुद्दल, व्याज, खर्च, प्रत्येकाची ओळ वेगळी. कमी पडले तर जामीनदाराकडे जा, तीन वर्षांची मुदत मोजून. जास्त आले तर वरचा पैसा मालकाचा. पत्र लिहा, हिशेबाची प्रत जोडा, आणि उरलेल्या तारणाचे मूळ कागद त्याच्या हातात देऊन पोच घ्या.